दहा परस

१

तळसांगीच्या आटलेल्या तळ्यात गंगम्मा मेली ती पाणी भरताना. बुडून नव्हे, बुडायला पाणी कुठलं आलंय! गाळात कंबरभर खोल झरा खणलेला, त्याच्या बुडाशी पाझरणारं पाणी वाटीनं उपसून ती घागरीत टाकत होती. वरून विमान आलं. माणूस नसलेलं, बैलगाडीएवढं, उतरताना इंजिन बंद करून घसरत येणारं. काठावरच्या बाया ओरडत पळाल्या. झऱ्यात वाकलेल्या बाईला ते दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या चैत्रातली, गुरुवारची. लातूरला तेव्हा पाणी रेल्वेनं येत होतं, आणि उदगिरात रोज नवी आवई उठत होती की उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर कचेरीला जमीन घेणार. प्यायला पाणी नाही, पण जिल्हा पाहिजे. माणसाचं असंच असतं.

शनिवारी सकाळी विरूपाक्ष फौजदार महादेवप्पांच्या दारात उभा राहिला. महादेवप्पा मोजणी खात्यात चाळीस वर्षं घासून निवृत्त झालेले, बायको वारलेली, धाकट्या बहिणीच्या, उमाबाईच्या घरी राहणारे. स्वभाव असा तिखट की दोन भावांच्या भांडणातही आधी टेप लावतील आणि मग बोलतील. फौजदारानं चहाला नाही म्हटलं तेव्हाच ते समजले की विषय मन्मथचा आहे.

मन्मथ म्हणजे उमाबाईचा एकुलता एक पोरगा. नांदेडला इंजिनिअर झाला, पुण्याच्या कंपनीत लागला, आणि आटलेल्या तळ्यांत गाळ किती साचलाय ते वरून मोजणारं विमान घेऊन आपल्याच मुलखात परत आला. त्या विमानाची खुबी अशी की ते आकाशातल्या उपग्रहाला वाट विचारत नसे. पोटाखालच्या कॅमेऱ्यानं जमिनीवरच्या सहा चुन्याच्या फुल्या बघायचं आणि आपण कुठं आहोत ते स्वतःच ठरवायचं. हा हिशेब मांडणारा प्रोग्राम मन्मथनं लिहिलेला. गुरुवारी ते ठरलेल्या पट्टीच्या पूर्वेला अठरा मीटर तीस सेंटिमीटर सरकून उतरलं, आणि नेमका तिथंच गंगम्माचा झरा होता. त्याच संध्याकाळी पोलिसांनी मन्मथला उचललं.

फौजदार म्हणाला की गंगम्माच्या नवऱ्यानं, वीरण्णानं, फिर्याद दिलीय, कंपनीनं हात वर केलेत, कोर्टानं सोमवारपर्यंत कोठडी दिलीय आणि सोमवारी पोराला सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली पुन्हा कोर्टात उभं करावं लागणार. त्याला स्वतःला त्या कॅमेऱ्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

"अप्पा, मामा म्हणून येऊ नका," तो म्हणाला. "मोजणीदार म्हणून या. तुमच्या मोजणीत पोरगं दोषी निघालं तर मी तसंच लिहिणार."

आत उमाबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. महादेवप्पांनी पायात चपला सरकवल्या.

२

कोठडीत मन्मथ दोन दिवसांत दहा वर्षांनी मोठा झालेला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. महादेवप्पांनी मायेचा शब्द काढला नाही. काढला असता तर दोघंही रडले असते. त्यांनी विचारलं की तुझ्या मशीनला आपण चुकतोय हे कळतं कसं, ते मला अडाण्याला समजेल असं सांग.

मन्मथनं सांगितलं. फुली नकाशाप्रमाणं कुठं दिसायला पाहिजे हे मशीनला माहीत असतं आणि प्रत्यक्षात कुठं दिसते ते कॅमेरा सांगतो. दोहोंत थोडा फरक पडतोच. तो तीस सेंटिमीटरच्या आत असला तर मशीन पुढं जातं. एखादी फुली भलतंच सांगायला लागली तर बाकीच्या पाचांशी तिचं जुळत नाही, मग मशीन तिला बाजूला काढून उतरतं.

महादेवप्पांना हे नवीन नव्हतं. बांधाचा एक दगड सरकवलेला असला की बाकीचे दगड चुगली करतात, हे त्यांनी किती शेतांत पाहिलं होतं.

"असं कधी झालं?" त्यांनी विचारलं.

झालं होतं. पंधरा दिवसांपूर्वी गावातल्या नागुबाईच्या शेताच्या कडेची फुली कुणीतरी हातभर सरकवली होती. मशीननं ती तत्काळ पकडली. मन्मथ गावात गेला, फुली जागेवर आणली आणि गाव गोळा करून त्यानं हसत हसत समजावून सांगितलं, की एकीला सरकवून उपयोग नाही, बाकीच्या पाच तिला पकडून देतात. लोकांना लई गंमत वाटली म्हणे. वीरण्णानं तर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मन्मथला गाव आवडलं होतं. गंगम्मा त्याला येता-जाता भाकरी द्यायची.

"आन् गुरुवारी?"

"रोजच्यासारखंच होतं, मामा," मन्मथ म्हणाला आणि चहाच्या कपात बघत राहिला.

त्याला आणखी काही विचारावं असं महादेवप्पांना वाटलं. पण पोराचा चेहरा बघवेना, म्हणून ते उठले.

३

फुल्या आखून देणारा देविदास बिलोलीहून आला होता. हा महादेवप्पांच्याच हाताखाली शिकलेला, एकेकाळी त्यांची मोजणीची साखळी ओढणारा. पोलीस ठाण्याच्या बाकावर तो घाम पुसत बसला होता, कारण मन्मथ सुटला तर पुढचा नंबर आपलाच, हे त्याला कळत होतं.

महादेवप्पांनी त्याची वही मागितली आणि पान न् पान पाहिलं. जाताना एक माप, येताना दुसरं, दोन बोटांचा फरक. पुन्हा मोजलं, दीड बोट. त्यांना हायसं वाटलं. ज्या वहीत फरकच सापडत नाही ती झाडाखाली बसून लिहिलेली, हे त्यांनीच देविदासला शिकवलं होतं. खऱ्या मोजणीत थोडं कमीजास्त होतंच. वर देविदासनं प्रत्येक फुलीच्या मध्यावर लोखंडी खुंटी जमिनीसपाट ठोकली होती. शुक्रवारी फौजदारानं पंचांसमक्ष पाहिलं तेव्हा सहाही फुल्या बरोब्बर खुंट्यांवर होत्या. शिवाय गुरुवारच्या आधी विमान आठ वेळा सुखरूप उतरलेलं. म्हणजे देविदास सुटला. कॅमेराही तपासून झाला होता, तो तसूभरही वाकलेला नव्हता.

"फुल्या जागेवर, मोजणी बरोबर, कॅमेरा सरळ," फौजदार म्हणाला. "मग उरलं कोण, अप्पा?"

उरला मन्मथचा प्रोग्राम. महादेवप्पांनी गावातल्या साक्षीदारांचे जबाब मागून घेतले आणि चष्मा पुसून वाचायला बसले.

अकरा जबाब होते. अकराही जणांनी विमान सव्वानऊला आलं असं सांगितलं होतं. अकराही जणांनी ते दोनदा हललं असं सांगितलं होतं. महादेवप्पांच्या कपाळाला आठी पडली. तळसांगीत त्यांनी तीनदा मोजणी केलेली. तिथं माणूस मेला कधी हे विचारलं तर एक म्हणेल सकाळी, दुसरा म्हणेल जेवणं झाल्यावर, आणि तिसरा म्हणेल तो मेलाच नाही. त्या गावाचं सव्वानऊवर एकमत? आणि शेवटी प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, 'फुल्यांना कुणी हात लावला न्हाई.'

"हे तुम्ही विचारलं होतं?" त्यांनी फौजदाराला विचारलं.

फौजदारानं आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं. लोकांनी आपणहून सांगितलं होतं.

मग महादेवप्पांनी कंपनीनं पुण्याहून पाठवलेले विमानाच्या नोंदींचे कागद उघडले. इंग्रजी भाषा आणि आकड्यांच्या उतरंडी. त्यांना भाषेशी देणंघेणं नव्हतं. फरकाचा रकाना कुठला एवढं देविदासनं दाखवलं आणि ते बोट ठेवून खाली उतरत गेले. आठ उड्डाणांत फरक चार सेंटिमीटर, पाच, चार. दोन-अडीच बोटं. नवव्या उड्डाणाला, गुरुवारी, एकवीस.

एक वीत. तिसाच्या आत, म्हणून मशीननं ठीक म्हटलं होतं. पण दोन बोटांची वीत झाली कशानं? महादेवप्पांनी त्या एकवीसवरचं बोट उचललं नाही. मग त्यांनी देविदासला विचारलं, अठरा मीटर तीस म्हणजे फूट किती?

"साठ," देविदास म्हणाला.

महादेवप्पांनी कागद मिटले आणि फौजदाराला सांगितलं की उद्या सकाळी मी तळसांगीला जातो, तुम्ही येऊ नका.

४

रविवारी ऊन चढायच्या आत ते तळ्यात पोचले. हातात फक्त एक खुरपं होतं आणि खिशात टेप.

तळ्याची काळी माती उन्हानं अशी फाटली होती की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. पश्चिमेच्या तीन फुल्या शेतांच्या कडेला, पूर्वेच्या तीन तळ्याच्या पात्रात. चुना नवा, पांढराशुभ्र. पहिल्या फुलीखालची खुंटी त्यांनी बोटानं चाचपली. मग तिथून टेप धरून ते पूर्वेकडे साठ फूट चालत गेले.

वर काहीच नव्हतं. सपाट माती, कुणीतरी काट्याची फांदी फिरवून सारखी केल्यासारखी. महादेवप्पा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खुरप्यानं भेगेचा ओठ उकरला.

आत, चार बोटं खाली, चुना होता.

वरून खरडून काढला तरी भेगेत सांडलेला चुना कोण काढणार? त्यांनी आडवं उकरलं, उभं उकरलं. फुलीचे चारही हात भेगाभेगांतून निघाले. दुसऱ्या खुंटीपासून साठ फुटांवर तेच, वीतभर इकडं. तिसरीपासून तेच, वीतभर तिकडं. सहाही ठिकाणी भेगांत चुना सापडला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

आता सगळं उलगडलं. कॅमेरा वाकला असता तर सगळ्या फुल्या सारख्याच वाकड्या दिसल्या असत्या, त्यांचा आपसातला फरक दोन बोटांचाच राहिला असता. तो वीतभर झाला याचा अर्थ एकच, की प्रत्येक फुली वेगळ्या हातानं उचलून दुसरीकडं मांडली. एकीनं खोटं सांगितलं तर पाच जणी पकडून देतात, हे गावाला मन्मथनंच शिकवलं. गाव हुशार. गावानं सहाहीजणींना एकच खोटं शिकवलं. मशीन बिचारं काय करणार! साक्षीदार एकमेकांशी जुळतात म्हणून ते विश्वासानं खाली उतरलं. आणि बाई मेल्यावर घाबरून गावानं फुल्या परत खुंट्यांवर आणल्या, सव्वानऊ ठरवलं आणि तोंडं शिवली.

कशासाठी, हेही त्यांना कळलं. साठ फूट पूर्वेला सरकलं की पश्चिमेच्या तीन फुल्या शेतांतून निघून सरकारी तळ्यात पडत होत्या. चुन्याची फुली म्हणजे सरकार जमीन घेणार. नवा जिल्हा, नवी कचेरी. पोरानं गाळाबद्दल शंभरदा सांगितलं असेल, पण कुणाचा विश्वास बसतो?

उरला एकच प्रश्न. साठच का? पन्नास नाही, शंभर नाही. टेपनं मोजणारा माणूस मीटरमध्ये मोजेल. पायानं मोजणारा पावलं मोजेल, आणि मग सहा ठिकाणी वीतभर नव्हे, हात-दोन हात फरक पडेल. एवढं नेमकं मोजायला हातात दोर लागतो. आणि या मुलखात साठ फुटांचा दोर एकाच कामाला असतो. विहिरीची खोली इथं फुटात सांगत नाहीत, परसात सांगतात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस, सहा फूट. साठ फूट म्हणजे दहा परस.

तळसांगीत दहा परस विहीर कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं. त्या विहिरीचा बांध त्यांनीच मोजला होता. खुरपं झटकून ते गावाकडे चालू लागले.

५

वीरण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. अंगावर विभूतीचे पट्टे, समोर न शिवलेलं ताट. गंगम्माला शेतातच समाधी दिली होती, तिकडची माती त्याच्या पायांना अजून तशीच होती. महादेवप्पांनी हात जोडून शरणार्थ म्हटलं. त्यानंही म्हटलं, सवयीनं.

नागुबाई दारात येऊन उभी राहिली. महादेवप्पांनी तिच्याकडं पाहून आपल्या सदऱ्यावरचा चुना झटकला. तिनं तो पाहिला, पदर तोंडाला लावला आणि आल्या पावली निघून गेली. थोड्या वेळात गल्लीतली दारं एकेक करून लागली.

महादेवप्पांनी आवाज चढवला नाही. भेगांतला चुना सांगितला, वीतभर फरक सांगितला, सव्वानऊ सांगितलं. खरं बोल, माझा भाचा निर्दोष आहे, उद्या त्याला कोर्टात उभं करणार, तो दहा वर्षं आत जाईल आणि माझी बहीण त्याच्या आधी मरेल, हेही सांगितलं. वीरण्णा जमिनीकडं बघत होता. गावानं मठात बेल उचलून शपथ घेतलीय, एवढं तो पुटपुटला.

"तुझी विहीर किती परस, वीरण्णा?" महादेवप्पांनी विचारलं.

वीरण्णाचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो हसल्यासारखं करू लागला आणि ते हसू मधेच मोडलं.

"दहा," तो म्हणाला. "हाव, दोर माझाच. विहीर कोरडी, दोर रिकामाच पडला होता."

त्यानं हळूहळू सांगितलं. बुधवारी तिन्ही सांजेला सगळे गेले. प्रत्येक फुलीला दोन-दोन माणसं, चुना नागुबाईकडचा, माप त्याचं. इमान फुल्यांकडं बघून उतरतं हे पोरानं सांगितलं होतं, पण ते कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. लोकांना फुल्या म्हणजे जमिनीचा कागद वाटत होता. दोन फर्लांगभर मोठं तळं, त्यात साठ फुटांनी काय होतंय?

"दुसऱ्या टोकाला कोण होतं?" महादेवप्पांनी विचारलं. विचारायला नको होतं. पण चाळीस वर्षं साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं हे लिहिल्याशिवाय त्यांनी वही मिटली नव्हती.

वीरण्णानं वर पाहिलं.

"तीच की," तो म्हणाला. "तिच्या हातात टोक दिलं आन् मी दोर ताणला. ती जिथं उभी राहिली तिथं फुली काढली. मला म्हणाली, आता आपलं शेत वाचलं."

महादेवप्पांना त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, तो ठेवला गेला नाही. ते नुसते त्याच्या शेजारी बसले. खूप वेळानं वीरण्णा उठला, आत गेला, धुतलेलं धोतर नेसून बाहेर आला आणि म्हणाला, चला. शपथ मोडल्याचं पाप कुणाला लागतं, एवढं त्यानं वाटेत एकदा विचारलं.

६

दुपारी उदगिरात वीरण्णानं जबाब दिला. फौजदारानं तो स्वतःच्या हातानं लिहून घेतला आणि मधे दोनदा पेन खाली ठेवलं. वीरण्णा आत राहिला. त्याच्या मागोमाग गावातले आणखी पाच जण येणार होते. कागद झाले आणि मन्मथ बाहेर आला. मामाच्या लुनावर तो पुढं बसला, महादेवप्पा मागं. घरी उमाबाईनं पुरण घातलं होतं, असा निरोप आला होता.

ते किल्ल्याच्या रस्त्याला लागले. महादेवप्पांना त्याची पाठ हलताना जाणवत होती. त्यांना वाटलं, रडतोय. रडू दे, मोकळा होईल.

"मामा," मन्मथ पुढं बघतच म्हणाला, "ती वीत मी गुरुवारी सकाळीच पाहिली होती."

महादेवप्पांना आधी समजलं नाही.

मन्मथ बोलत राहिला. विमान पट्टीच्या वर घिरट्या घालत असताना पडद्यावर एकवीस आलं. आठ वेळा चार-पाच आणि आज एकवीस, हे बरं नाही, एवढं त्याला कळलं होतं. बटण दाबून विमान वरच ठेवता आलं असतं, माणूस पाठवून फुल्या बघता आल्या असत्या. पण कंपनीचे दोन साहेब मागं उभे होते, त्यांना दुपारी निघायचं होतं, आणि आकडा तिसाच्या आत होता. मशीन ठीक म्हणत होतं. त्यानं जबाबात लिहून दिलं, रोजच्यासारखंच होतं.

"मी उतरू दिलं, मामा."

रस्त्यात एक टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती घागरींची झुंबड होती. मन्मथनं लुना हळू केली. महादेवप्पांना त्या गर्दीतलं काही दिसत नव्हतं. त्यांना कोठडीतला तो चहाचा कप आठवला नाही, देविदासची वहीही आठवली नाही. डोळ्यांपुढं फक्त धुतलेलं धोतर नेसून पायरी चढलेला वीरण्णा होता. त्याला याच तोंडानं सांगितलं होतं की खरं बोल, पोरगं निर्दोष आहे. त्या माणसानं बायकोच्या हातातलं टोक सुद्धा लपवलं नाही.

बहिणीचं काय होईल, हे त्यांना माहीत होतं. ती यापुढं त्यांच्याशी बोलणार नाही. त्यांना तिच्या घरातून निघावं लागेल, या वयात, कुठं ते देव जाणे. पोराच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, लहानपणी साखळी धरायला शिकवताना ठेवायचे तसा.

"मामा, घरी चलू का?" मन्मथनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, पण त्याला ते मामाच्या तोंडून हवं होतं.

"पहिलं ते लिहून दे," महादेवप्पा म्हणाले. "मग मी तुझ्यासंगं बसतो, ते उठवतील तोवर."

मन्मथनं टँकरला वळसा घातला आणि लुना ठाण्याकडे वळवली.